सन्मान हे वेतन नव्हे

ऑगस्ट २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथील राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या आवारात एका परिचारिकेच्या पुतळ्याचे अनावरण झाले. व्हिव्हियन बुलविंकल हे त्या परिचारिकेचे नाव. एका विशिष्ट स्त्रीचा, एका विशिष्ट परिचारिकेचा म्हणून त्या आवारात उभा राहिलेला हा पहिलाच पुतळा होय. दुसरे महायुद्ध संपून तेव्हा ७८ वर्षे उलटली होती आणि खुद्द बुलविंकलबाईंना जाऊन २३ वर्षे झाली होती. या पुतळ्यासाठी पुढाकार घेतला होता तो परिचारिकांच्याच एका व्यावसायिक संस्थेने.

बुलविंकलबाई उपेक्षित राहिल्या, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही. १९४७ मध्ये त्यांना रॉयल रेड क्रॉसचा सन्मान मिळाला. त्याच वर्षी, परिचारिकेला मिळू शकणारा सर्वोच्च आंतरराष्ट्रीय बहुमान समजले जाणारे फ्लॉरेन्स नाइटिंगेल पदकही त्यांना देण्यात आले. पुढे १९७३ मध्ये ब्रिटिश साम्राज्याचा आणि १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा किताब त्यांच्याकडे चालत आला. पदकांच्या बाबतीत राष्ट्राने हात आखडता घेतला नाही. परंतु पदके देऊन राष्ट्र ऋणमुक्त होते काय, हा खरा प्रश्न आहे; आणि तो केवळ ऑस्ट्रेलियाचा नाही.

किनाऱ्यावरचा निर्णय

व्हिव्हियन बुलविंकल यांचा जन्म १९१५ चा, दक्षिण ऑस्ट्रेलियातील कपुंडा या लहानशा गावचा. ब्रोकन हिल या खाणकामगारांच्या शहरात त्यांनी परिचारिकेचे आणि सुईणीचे शिक्षण घेतले. युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी प्रथम हवाई दलाकडे अर्ज केला. तळपाय सपाट असल्याच्या कारणावरून तो नामंजूर झाला. मग भूदलाच्या शुश्रूषासेवेत प्रवेश घेऊन १९४१ च्या सप्टेंबरमध्ये त्या मलायाच्या आघाडीकडे रवाना झाल्या. डिसेंबरात जपानी फौजा मलायात उतरल्या. दोन महिन्यांच्या आत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि भारतीय सैन्य मागे रेटले जाऊन सिंगापूरच्या बेटात कोंडले गेले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि हजारो भारतीय जवानही तेथे युद्धकैदी झाले. त्यांतीलच कित्येक पुढे आझाद हिंद सेनेत गेले. तेव्हा या कथेचा भूगोल आपल्याला अगदीच परका नाही.

पाडावाच्या तीन दिवस आधी, १२ फेब्रुवारीला, ‘व्हायनर ब्रूक’ नावाच्या एका छोट्या जहाजावर ६५ ऑस्ट्रेलियन परिचारिकांना चढविण्यात आले. जखमींना सोडून जाण्याची त्यांची इच्छा नव्हती. परंतु वरिष्ठांचा हुकूम होता. जहाजावर स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांची खच्चून गर्दी होती. १४ तारखेला सुमात्राजवळच्या बांगका सामुद्रधुनीत जपानी विमानांनी ते बुडविले. १२ परिचारिका समुद्रात नाहीशा झाल्या. उरलेल्या काही तराफ्यांना धरून, काही पोहत, बांगका बेटाच्या निरनिराळ्या किनाऱ्यांवर पोहोचल्या. त्यांतील २२ जणी एका वाळूच्या किनाऱ्यावर एकत्र आल्या. बुलविंकलबाई त्यांतल्या एक होत्या.

या किनाऱ्यावर जे घडले त्याचे वर्णन बहुधा तेथील हत्याकांडापासून सुरू होते. माझ्या मते ते त्याच्या थोडे आधीपासून सुरू व्हावयास हवे. किनाऱ्यावर अन्न नव्हते, औषधे नव्हती, आणि जखमींची संख्या वाढत होती. कारण बुडालेल्या दुसऱ्या एका जहाजावरचे ब्रिटिश सैनिकही येऊन मिळाले होते. बेट जपान्यांच्या ताब्यात गेले आहे हे कळल्यावर शरण जाण्याचे ठरले आणि जहाजाचा एक अधिकारी मुंतोक या गावी निरोप घेऊन गेला. मधल्या वेळात, मुले भुकेने रडत असल्यामुळे, मेट्रन आयरीन ड्रमंड यांनी नागरिक स्त्रियांना मुलांसह मुंतोकच्या वाटेला लागण्याचा सल्ला दिला. त्या निघाल्या, आणि पुढे छावणीत का होईना, जगल्या. परिचारिकांनाही त्यांच्याबरोबर जाता आले असते. परंतु किनाऱ्यावर झोळ्यांत पडलेले जखमी होते. २२ जणी त्यांच्यापाशी थांबल्या.

या थांबण्याला शौर्य म्हणावे की नाही, याचा विचार त्या क्षणी कोणी केला असेल असे वाटत नाही. रुग्ण आहे तेथे परिचारिका आहे, इतका हा साधा व्यावसायिक नियम होता. त्यांच्या बाहीवर रेड क्रॉसची पट्टी होती. जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांवर शस्त्र चालवायचे नाही, असे सांगणाऱ्या १९२९ च्या जिनिव्हा करारास जपाननेही मान्यता दिली होती.

१६ फेब्रुवारीला जपानी सैनिक आले. त्यांनी पुरुषांना दोन तुकड्यांत खडकांपलीकडे नेऊन ठार केले आणि संगिनी पुसत परत आले. मग २२ परिचारिका आणि जखमी पतीसाठी मागे राहिलेली एक वृद्ध नागरिक स्त्री यांना समुद्रात चालत जाण्याचा हुकूम झाला. पाणी कमरेपर्यंत आल्यावर पाठीमागून मशीनगन चालली. बुलविंकलबाईंच्या डाव्या कुशीतून गोळी आरपार गेली. मेल्याचे सोंग करून त्या लाटांवर पडून राहिल्या आणि सैनिक निघून गेल्यावर किनाऱ्याला लागल्या. २२ पैकी त्या एकट्या वाचल्या.

साडेतीन वर्षांचे मौन

यानंतरचे १२ दिवस बुलविंकलबाईंच्या सेवेचा सर्वांत बोलका भाग आहेत. जंगलात त्यांना किन्सले नावाचा एक ब्रिटिश सैनिक भेटला. संगिनीने भोसकलेला, पण जिवंत. स्वतःच्या कुशीत गोळीची जखम असताना त्यांनी त्याची शुश्रूषा सुरू केली. नारळाच्या काथ्यांनी त्याच्या जखमा बांधल्या, झऱ्याचे पाणी आणून पाजले. जवळच्या खेड्यातील पुरुषांनी जपान्यांच्या भीतीने मदत नाकारली आणि शरण जाण्यास सांगितले. परंतु त्याच खेड्यातील बायकांनी वाटेत गुपचूप अन्न आणून दिले. या बायकांची नावे कोणत्याही स्मारकावर नाहीत. शेवटी शरण जाण्यावाचून गत्यंतर नाही असे दोघांनी ठरविले, तेव्हा किन्सलेने एका दिवसाची मुदत मागितली. दुसऱ्या दिवशी त्याला ३९ वर्षे पूर्ण होणार होती आणि तो वाढदिवस त्याला मोकळेपणी घालवायचा होता. तो दिवस त्याला मिळाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत कैदेत त्याचा मृत्यू झाला.

छावणीत दाखल होताना बुलविंकलबाईंनी गणवेशाला गोळीने पडलेले भोक पाण्याच्या बाटलीआड झाकले. त्या हत्याकांडातून कोणी वाचले आहे हे जपान्यांना कळते, तर साक्षीदार म्हणून त्यांचा आणि त्यांच्याकडून हकीकत ऐकणाऱ्यांचाही काटा काढला गेला असता. मुंतोकमध्ये भेटलेल्या ३१ सहकारी परिचारिकांना त्यांनी घडले ते सांगितले आणि सर्वांनी मिळून ठरविले की, आता या विषयावर एक अक्षरही बोलायचे नाही. ३२ स्त्रियांनी हे गुपित साडेतीन वर्षे सांभाळले. उपासमार, मलेरिया आणि औषधांचा अभाव यांनी त्यांच्यातील आठ जणींचा शेवटच्या वर्षात बळी घेतला. सप्टेंबर १९४५ मध्ये सुटका झाली तेव्हा जहाजावर चढलेल्या ६५ पैकी २४ उरल्या होत्या. त्यांतील बेटी जेफ्री यांनी छावणीत चोरून लिहिलेल्या रोजनिशीवरून १९५४ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, त्यामुळे या दिवसांचे तपशील जगासमोर आले.

मौन पाळण्यामागे एक हेतू होता, तो म्हणजे साक्ष जिवंत ठेवणे. डिसेंबर १९४६ मध्ये टोकियो येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणासमोर बुलविंकलबाईंनी ती साक्ष दिली. २१ सहकारी परिचारिकांच्या मृत्यूचा वृत्तान्त त्यांनी शांतपणे, अतिशयोक्तीवाचून सांगितला. तथापि या विशिष्ट हत्याकांडाबद्दल शेवटपर्यंत कोणालाही शिक्षा झाली नाही.

दुसरे मौन

येथे या कथेला एक वेगळे वळण लागते, आणि गौरवाच्या भाषणांत ते सहसा येत नाही. गेल्या काही वर्षांत लिनेट सिल्व्हर या इतिहासकार, टेस लॉरेन्स या पत्रकार आणि इतर काही अभ्यासक यांनी असे पुरावे पुढे आणले आहेत की, गोळ्या घालण्यापूर्वी त्या किनाऱ्यावर परिचारिकांवर अत्याचार झाले होते. बुलविंकलबाईंनी आयुष्याच्या अखेरीस विश्वासातल्या काही व्यक्तींजवळ याची वाच्यता केली. ही गोष्ट न्यायाधिकरणासमोर सांगू नये, अशी त्यांना वरून ताकीद होती, असेही या अभ्यासकांचे म्हणणे आहे. लॉरेन्स यांचा लेख २०१७ मधला, सिल्व्हर यांचे पुस्तक २०१९ मधले. तोवर त्या वर्षांतील बहुतेक साक्षीदार काळाच्या पडद्याआड गेले होते.

ताकीद देणाऱ्यांच्या मनात कदाचित मृतांच्या कुटुंबीयांची काळजी असेल, कदाचित त्या काळची लोकलज्जा असेल. त्या हेतूंची शहानिशा आता कठीण आहे. परंतु परिणाम स्पष्ट आहे. पहिले मौन परिचारिकांनी स्वतः निवडले होते आणि ते सत्य वाचविण्यासाठी होते. दुसरे मौन त्यांच्यावर लादले गेले आणि त्याने सत्याचा एक भाग दडपला. ज्या स्त्रीच्या छातीवर राष्ट्राने पदक लावले, तिचे संपूर्ण बोलणे ऐकून घेण्याची त्याच राष्ट्राची तयारी नव्हती. १९४७ ची दोन्ही पदके तिच्या हाती आली ती साक्षीनंतर. ही साक्ष अपुरी आहे हे तिला ठाऊक होते, आणि ते ओझे घेऊन ती आणखी अर्धशतक जगली.

सन्मानाचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला अशा वेळी ॲडम स्मिथची आठवण होते. ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या १७७६ च्या ग्रंथात निरनिराळ्या व्यवसायांतील वेतन कमीजास्त का असते, याची चर्चा स्मिथने केली आहे. प्रतिष्ठेच्या व्यवसायात प्रतिष्ठा हाच मोबदल्याचा मोठा भाग असतो आणि त्यामुळे पैशाच्या रूपातील मोबदला कमी पडतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. सैनिकाची मजुरी सामान्य मजुरापेक्षाही कमी का, याचा उलगडाही त्याने काहीशा याच रीतीने केला.

स्मिथने हे निरीक्षण म्हणून मांडले. पुढच्या काळात सेवा विकत घेणाऱ्यांनी त्याचे धोरण करून टाकले. सन्मान हा वेतनाचा भाग मानला की, जो सन्मान देतो त्याला वेतन कमी ठेवण्याची सोय होते; आणि सन्मान छापील प्रशस्तिपत्रासारखा स्वस्तात निघत असल्यामुळे त्याचा पुरवठा भरपूर राहतो. शुश्रूषेच्या व्यवसायात ही सोय दुहेरी आहे. हे काम स्त्रियांचे, स्त्रियांची सेवावृत्ती निसर्गदत्त, आणि निसर्गदत्त गोष्टीला किंमत कसली, अशी ही विचारसरणी आहे. घरातील आई आजाऱ्याजवळ रात्र जागते त्याची नोंद राष्ट्रीय उत्पन्नात होत नाही; रुग्णालयातील सिस्टर तेच करते तेव्हा नोंद होते खरी, पण आईच्या बिनमोल श्रमाची सावली तिच्या पगारावर पडतेच.

ऑस्ट्रेलियाच्या लष्करी परिचारिकांना औपचारिक अधिकारपद मिळाले ते १९४३ मध्ये. बांगकाच्या किनाऱ्यावरच्या २१ जणी त्याच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या. त्या अधिकाऱ्यांसारख्या वागल्या; अधिकारपदाचा कागद मात्र त्यांच्या हयातीत निघाला नाही.

या व्यवहाराची आणखी एक बाजू आहे. सन्मान हा मोबदला झाला की तो मूर्तीला मिळतो, माणसाला नाही. परिचारिकेला आपण ‘देवदूत’ म्हणतो. देवदूताला भूक नसते, रजा लागत नाही, संसार नसतो, आणि त्याच्या तोंडी तक्रार शोभत नाही. जी परिचारिका पगाराबद्दल बोलते, रात्रपाळीबद्दल बोलते, आपल्यावर झालेल्या अत्याचाराबद्दल बोलते, ती त्या मूर्तीला तडा देते. बुलविंकलबाईंवर लादलेले मौन आणि परिचारिकेला दिले जाणारे अपुरे वेतन या दोन गोष्टी वरकरणी दूरच्या दिसल्या, तरी त्यांचे मूळ एकच आहे.

स्वतः बुलविंकलबाईंना हे पुरते उमगले असावे, असे त्यांच्या युद्धोत्तर कार्यावरून दिसते. मृत सहकाऱ्यांचे स्मारक करायचे ठरले तेव्हा त्या आणि बेटी जेफ्री मोटारीने गावोगाव हिंडल्या, रुग्णालयांत भाषणे केली, पैसा गोळा केला. आणि त्या पैशातून दगडी स्तंभाऐवजी मेलबर्नला परिचारिकांसाठी एक केंद्र उभे राहिले. परिचारिकांच्या शिक्षणाला आणि व्यावसायिक संघटनेला तेथे हक्काची जागा मिळाली. पुढे मेलबर्नच्या फेअरफिल्ड संसर्गजन्य रोग रुग्णालयाच्या शुश्रूषाविभागाच्या त्या प्रमुख झाल्या आणि १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत परिचारिकांच्या उच्च शिक्षणासाठी झटत राहिल्या. १९७५ मध्ये सायगाव पडण्याच्या बेतात असताना तेथील अनाथ बालकांना विमानाने हलविण्याच्या मोहिमेतही त्या सहभागी झाल्या. ज्यांना केवळ किनाऱ्यावरची जखमी तरुणी आठवते, त्यांनी या तीस वर्षांकडे पाहावे.

आपल्याकडचा हिशेब

आपल्याकडील लष्करी शुश्रूषासेवेचा प्रारंभ मुंबईतूनच झाला. २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या आणि हिंदुस्थानातील लष्करी रुग्णालयांच्या शुश्रूषेची घडी बसविण्याचे काम त्यांनी हाती घेतले. दोन महायुद्धांत आणि स्वातंत्र्यानंतरच्या प्रत्येक युद्धात या सेवेने आपले कर्तव्य बजावले. संचलनांत तिचा गौरव होतो. परंतु या गौरवाच्या पाठीमागची एक हकीकत प्रत्येक सुशिक्षित नागरिकाने वाचावी अशी आहे.

१९७७ च्या एका लष्करी आदेशान्वये शुश्रूषासेवेतील अधिकारी स्त्रीची सेवा ज्या कारणांवरून संपुष्टात आणता येई, त्यांत वैद्यकीय अपात्रता आणि गैरवर्तन यांच्या पंक्तीला आणखी एक कारण बसविलेले होते: विवाह. १९८८ मध्ये एका लेफ्टनंट परिचारिकेला याच कारणावरून सेवामुक्त करण्यात आले. हा आदेश १९९५ मध्ये मागे घेण्यात आला. तिला मात्र न्यायासाठी न्यायाधिकरण आणि न्यायालय यांची पायरी चढत राहावे लागले. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उघड मनमानीचा आणि स्त्रियांबाबत पक्षपात करणारा असल्याचे सांगून तिला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. सेवामुक्ती ते निकाल यांच्यात जवळजवळ ३६ वर्षांचे अंतर आहे. माणसाची सगळी नोकरी इतक्या वर्षांत संपते.

मुलकी रुग्णालयांतील चित्र याहून उजवे नाही. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर २०१६ मध्ये केंद्र सरकारने समिती नेमली. ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान २० हजार रुपये द्यावेत आणि २०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेच्या बरोबरीचे वेतन असावे, अशा तिच्या शिफारशी होत्या. राज्यांना त्याप्रमाणे सूचना गेल्या. परंतु शिफारस म्हणजे कायदा नव्हे, आणि अंमलबजावणी राज्यांच्या मर्जीवर सोपविली गेली. त्यानंतर चार वर्षांनी करोनाची साथ आली. २२ मार्च २०२० रोजी आपण थाळ्या वाजविल्या, ३ मे रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले उधळली गेली. आणि त्याच आठवड्यांत परिचारिकांच्या संघटना संरक्षक पोशाख आणि मुखपट्ट्या मागत होत्या. फुले उधळणाऱ्यांच्या भावना खोट्या होत्या असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याला मुखपट्टी हवी आहे त्याला फूल देणे हा व्यवहार स्मिथच्या निरीक्षणाचेच प्रात्यक्षिक होते.

यावर कोणी म्हणेल की, सेवेचे मोल पैशात करणे म्हणजे सेवेचा अपमान आहे. हा आक्षेप नेहमी सेवा घेणाऱ्याकडून येतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बांगकाच्या किनाऱ्यावर जे घडले त्याची किंमत कोणत्याही वेतनश्रेणीत बसणार नाही, हे उघड आहे. नेमक्या याच कारणासाठी ज्याची किंमत करता येते तेवढे तरी चोख चुकते केले पाहिजे. अमूल्य त्यागाच्या नावाखाली महिन्याचा पगार बुडविणे हा हिशेबातील लबाडीचा सर्वांत जुना प्रकार आहे.

शिक्षकांनी वर्गात बुलविंकलबाईंची कथा अवश्य सांगावी. ती सांगताना किनाऱ्यावर थांबण्याचा निर्णय सांगावा, गुपचूप अन्न देणाऱ्या बेटावरच्या बायका सांगाव्यात, आणि दडपलेली साक्षही मुलांच्या वयाला शोभेल अशा शब्दांत सांगावी. कारण ती वगळली तर आपणही त्या ताकीद देणाऱ्यांच्याच रांगेत जाऊन उभे राहू. राज्यकर्त्यांना सांगायचे आहे ते याहून थोडके आहे. २०१६ च्या शिफारशींना राज्याने कायद्याचे बळ द्यावे, रात्रपाळीच्या परिचारिकेपाठीमागे किती रुग्ण असावेत याचे प्रमाण ठरवून ते पाळले जाते की नाही याची तपासणी व्हावी, आणि तिच्या तक्रारीची दाद ३६ वर्षांत नव्हे, तर ३६ दिवसांत लागेल अशी व्यवस्था करावी. हे झाल्यावर पदके खुशाल द्यावीत. तेव्हा ती पदके कोणत्याही थकबाकीच्या बदली दिलेली नसतील.